पदवी आणि पोट

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला ‘पुढे काय करणार?’ असे आज घरचे विचारतात, दारचे विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थही विचारतात. परंतु हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा पुरातन नाही. ज्या समाजात कुळकर्ण्याच्या पोटी जन्मलेल्याने दप्तर सांभाळायचे, जोश्याच्या मुलाने पंचांग सांगायचे आणि सुताराच्या मुलाच्या हाती मिसरूड फुटण्यापूर्वीच वाकस यायची, त्या समाजात व्यवसायाची निवड ही मुलाने करावयाची गोष्टच नव्हती. ती त्याच्या जन्मापूर्वी कित्येक पिढ्या आधी, सनदेच्या कागदावर किंवा गावाच्या वहिवाटीत, होऊन चुकलेली असे. वतन आणि बलुते यांनी पोटाची हमी दिली आणि त्या हमीच्या मोबदल्यात विचाराची गरज काढून घेतली. मात्र वतन भावांत वाटले जाते, आणि वाटणीचा चौथा-आठवा हिस्सा पदरी आलेल्या धाकट्या भावाचे त्यात भागत नाही. म्हणून निवडीचा प्रश्न प्रथम पडला तो या धाकट्यांना, आणि त्यांच्यापुढे वाटाही दोनच होत्या, एक तलवारीची आणि दुसरी बोरूची. पेशव्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ हाही कोकणातून घाट चढून आला तो बोरूच्याच आधाराने, आणि धनाजी जाधवांच्या पदरी वसुलाचे कारकुनी काम करीतच पुढे चढला.

बोरूच्या या वाटेचे दार म्हणजे उमेदवारी. पुण्याच्या हुजूर दफ्तरात किंवा एखाद्या सरदाराच्या फडावर ओळखीपाळखीने मुलाला नेऊन बसवावयाचे, आणि त्याने जाजमाच्या कडेला, अनुभवी कारकुनाच्या पाठीशी बसून, बिनपगारी नकला उतरावयाच्या. मोडीची ओळ हात न उचलता एका दमात ओढण्याची सफाई, जमाखर्चाची मांडणी, कोणत्या दर्जाच्या माणसास कोणता मायना लिहावयाचा याचा विवेक, आणि कागद निकाली निघाल्यावर तो कोणत्या रुमालात बांधावयाचा याची आठवण, एवढे हाती आले की मग जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, मुदत नाही. वरच्या कारकुनाची मर्जी हीच परीक्षा आणि त्याची शिफारस हेच प्रशस्तिपत्र. तरीही या पद्धतीत एक गुण होता, आणि तो नंतरच्या विद्यापीठीय शिक्षणात हरवला असे मला वाटते: उमेदवार ज्या कामासाठी झटत होता, ते काम तो रोज डोळ्यांनी पाहत होता. ते त्याला मानवणारे आहे की नाही, हे कळण्यासाठी त्याला पदवी मिळेपर्यंत थांबावे लागत नसे. दोष मात्र याहून मोठा होता, तो असा की, ज्याच्या नात्यागोत्यातील कोणी त्या जाजमावर आधीच बसलेला नसेल, त्याला ते जाजम दिसतच नसे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि फड मोडले, पण उमेदवारी मोडली नाही; ती नव्या मालकाच्या कचेरीत जाऊन बसली. कलेक्टर आणि मामलेदार यांच्या कचेऱ्यांना तेच मोडी, तोच वसुलाचा हिशेब आणि बहुतांशी तीच माणसे लागत होती. श्रावणमासात पर्वतीवर विद्वानांना वाटली जाणारी दक्षिणा एल्फिन्स्टन साहेबाने एकदम बंद केली नाही. ती आवळून तिच्यातील काही रक्कम विद्येकडे वळवली आणि १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेज झाली आणि तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभे राहिले. पैसा जुना, हेतू नवा. शास्त्र्याच्या मुलाला त्याच वाड्यात आता इंग्रजी ऐकू येऊ लागले, आणि इंग्रजी येणाऱ्याचा पगार कचेरीत किती पटींनी वाढतो, ही बातमी पसरण्यास छापखान्याची गरज पडली नाही.

बातमी पसरत होती ती पंगतीतून. शिकण्यासाठी पुण्यास किंवा रत्नागिरीस आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी माधुकरी किंवा उपास. या प्रथेचे वर्णन नेहमी गरिबीची करुण कथा म्हणून केले जाते, आणि ती करुण होतीही. पानावर वाढताना घरधनिणीच्या कपाळावर पडलेली आठी पुढे हायकोर्टात नाव काढलेल्या माणसांनाही विसरता आलेली नाही. परंतु तिच्या दुसऱ्या अंगाकडे सहसा लक्ष जात नाही. आठवड्याच्या सात घरांत एक शिरस्तेदार असे, एक वकील असे, एक शाळाखात्यातला असे. हात धुताना ‘अमक्या परीक्षेचे फॉर्म सुटले आहेत’, ‘तमक्या खात्यात दोन जागा होणार आहेत’, ‘त्या साहेबाला अक्षर वळणदार लागते’ अशी वाक्ये त्या मुलाच्या कानावर पडत. ज्याला आज आपण व्यवसाय-मार्गदर्शन म्हणतो ते अशा रीतीने आमटीभाताबरोबर मिळत होते, आणि ज्या जातीच्या मुलाला त्या पंगतीत पानच मांडले जात नव्हते, त्याला अन्नाबरोबर त्या माहितीलाही मुकावे लागत होते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढे घरोघरी ‘मॅट्रिक’ म्हणून ओळखली गेलेली अग्निपरीक्षा, प्रथम १८५९ मध्ये झाली. १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी. ए. ची पहिली परीक्षा झाली, तिच्यातून महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे असे चार पदवीधर निघाले. या चौघांपुढे कोणताही मळलेला मार्ग नव्हता, कारण पदवीधर झालेला पूर्वज असा कोणाला नव्हताच. म्हणून पदवी घेतल्यावर माणूस काय करतो हे या चौघांनी स्वतःच्या आयुष्यानेच ठरवावयाचे होते. मोडक शिक्षणखात्यात शिरून एल्फिन्स्टन हायस्कुलाचे मुख्य झाले. वागळे वकिलीकडे वळले. भांडारकर सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथे हेडमास्तर होऊन पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी अध्यापक झाले. परंतु जागा कायम करण्याची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर्सन साहेबास मिळाली आणि युरोपातील पंडित ज्याचे संशोधन आदराने वाचत होते त्या गृहस्थाला पीटर्सनच्या हाताखाली काम करावे लागले. पदवी कितीही मोठी असली तरी वर एक छत आहे, आणि ते कोणत्या उंचीवर आहे, हे एतद्देशीय पदवीधरांना फार लवकर कळले.

रानड्यांची गोष्ट अधिक तपशिलाने पाहण्याजोगी आहे, कारण ज्यांच्या आयुष्याकडे आज आपण एखाद्या सरळ राजमार्गाकडे पाहावे तसे पाहतो, त्यांच्या पहिल्या दहा वर्षांत त्या मार्गाला वळणेच फार होती. दक्षिणा फेलो म्हणून (पर्वतीच्या त्याच जुन्या दक्षिणेचे हे नवे रूप) त्यांनी अध्ययन-अध्यापन केले. १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. झाले, सरकारी भाषांतरकाराच्या जागी काही काळ काम केले, अक्कलकोट संस्थानात कारभारी म्हणून गेले, कोल्हापुरास न्यायाधीश झाले, तेथून परत येऊन १८६८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले, आणि १८७१ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतंत्र वकिलीची वाट मोकळी झाली असतानाच पुण्यास पहिल्या वर्गाचे सबऑर्डिनेट जज्ज म्हणून दरमहा ८०० रुपयांवर रुजू झाले. अध्यापक, भाषांतरकार, कारभारी, न्यायाधीश, पुन्हा अध्यापक आणि शेवटी न्यायखाते. आजचा एखादा पालक मुलाच्या पहिल्या पाच वर्षांत एवढी स्थित्यंतरे पाहील, तर तो मुलाला धरसोड वृत्तीचा ठरवून मोकळा होईल.

परंतु पदवीपर्यंत पोचणारे विरळा. बहुसंख्य मुलांच्या दृष्टीच्या टप्प्यात होती ती मराठी सहाव्या इयत्तेची परीक्षा, जिच्या दाखल्यावर सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्या मोकळ्या होत. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी या परीक्षेसाठी केलेला प्रवास त्यांनी स्वतः आत्मवृत्तात नोंदवला आहे, आणि त्या काळच्या उमेदवाराची स्थिती त्याच्याइतकी स्पष्ट दुसऱ्या कशाने कळत नाही. वय सतरा, केंद्र साताऱ्याला, अंतर शंभराहून अधिक मैल, मध्ये सह्याद्री, आणि दिवस पावसाचे. सोबत्यांबरोबर हा मुलगा पायी निघाला, घाट चढला, भिजला, परीक्षेच्या ठिकाणी वेळेवर पोचला. आणि परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखाने त्याच्याकडे एकवार पाहून, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्याला परत पाठवले. अंगकाठी लहान हाच अपराध. वयाचा दाखला होता, पण अधिकाऱ्याने विश्वास ठेवला तो स्वतःच्या डोळ्यांवर. कर्वे तसेच पायी परतले, पुढे दुसऱ्या केंद्रावर परीक्षा देऊन ती पदरात पाडून घेतली, इंग्रजीकडे वळले आणि शिकवण्या करीत करीत १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. त्या दिवशी साताऱ्याला तो साहेब जरा ढिला पडला असता, तर रत्नागिरी जिल्ह्याला एक निष्ठावंत मराठी शाळामास्तर मिळाला असता. असल्या जर-तरला इतिहासात किंमत नाही, हे खरे. पण एखाद्या मुलाची वाट कशाकशाने वळते याचा हिशेब मांडताना तो सोडताही येत नाही.

पदवीधरांच्या वाटा तोवर ठरून गेल्या होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते आणि त्याच्या पहिल्या तुकडीतूनच भाऊ दाजी बाहेर पडले. १८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेला इंजिनियरिंगचा वर्ग वाढत वाढत कॉलेज ऑफ सायन्स झाला होता. तेथून १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियरची जागा मिळाली, कारण अव्वल येणाऱ्यास सरकारने जागेची हमी दिलेली होती. हमी एकदोघांना आणि इंजिनियर डझनाने, हे गणित मात्र वर्गातील इतरांना सोडवावे लागे. सर्वांत गर्दीची वाट वकिलीची. कायद्याचे वर्ग दिवसाची कामे संभाळून करता येत, सनद मिळाली की कोणाची चाकरी नाही, आणि जमिनीचे नवे कायदे, गहाणखते व सावकारांचे दावे यांनी मुन्सफांच्या कचेऱ्या भरून वाहत होत्या. शेतकऱ्याचे कर्ज हे वकिलाचे पीक होते.

हे सारे दुरून पाहणारा आणि न राहवून बोलणारा माणूस पुण्यातच होता. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो ज्या रयतेच्या कष्टातून येतो तिची मुले शाळेबाहेर राहतात, ही तक्रार तर होतीच. पण प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचे मूलज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असा तपशीलवार आराखडाही होता. सरकारी नोकऱ्या मूठभर, त्यांच्यासाठी शिकणारे मात्र वाढतच चाललेले, तेव्हा शिक्षण व्यवहारात उपयोगी पडणारे हवे, हे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठाला अवघी पंचवीस वर्षे झाली असतानाच हे निदान झाले होते. औषध घेणाऱ्याने ते घेतले नाही.

नोकरीच्या या वाटेकडे अगदी वेगळ्या कारणाने पाठ फिरवणारे दोन तरुण त्याच सुमारास डेक्कन कॉलेजच्या परिसरात रात्री वाद घालीत हिंडत होते. टिळक १८७६ मध्ये बी. ए. आणि १८७९ मध्ये एलएल. बी. झालेले, म्हणजे वकिलीचा दरवाजा सताड उघडा; आगरकर टेंभूचे, अठराविश्वे दारिद्र्यातून आलेले, एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारे, एम. ए. कडे निघालेले. घरची सारी आशा ज्याच्या पगारावर टांगलेली आहे अशा मुलाने मोठ्या नोकरीचे मनोरथ रचू नका असे आईला पत्राने कळवणे, हे काय दर्जाचे धैर्य होते, याची कल्पना श्रीमंताच्या मुलाला येणार नाही. रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा देऊन आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदाने वीस वर्षे काम करावयाचे आणि वेतन दरमहा ७५ रुपयांच्या आसपास. १८८४ मध्येच बी. ए. झालेले गोपाळ कृष्ण गोखले कायद्याचा अभ्यास करीत असता या शाळेत शिकवू लागले आणि तेथेच राहिले; त्यांचे थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी करीत आणि त्यांतले आठ रुपये गोपाळाला पाठवीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्वार्थत्यागाचा काही भार घरातील भलत्याच माणसाच्या खांद्यावर पडत होता, हेही नमूद केले पाहिजे. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले परांजपे त्याच पगारावर फर्ग्युसनमध्ये आले. एका नव्या वाटेला प्रतिष्ठा आली. पण ती वाटही गेली अखेर शाळेच्याच दाराशी.

शाळा आणि कचेरी यांच्या बाहेर पडण्याला विद्येपेक्षा अपघातच अधिक उपयोगी पडला असे दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि आपल्याला काही रंगांतला भेद कळत नाही हे त्यांना तेथे समजले. मग यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे वळून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले, बढतीत डावलले गेले तेव्हा नोकरी सोडली, बेळगावला सायकलींचे दुकान थाटले, पुढे लोखंडी नांगर ओतला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. धुंडिराज फाळके यांचा क्रम याहून चमत्कारिक: जे. जे., बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा, पुराणवस्तुखात्यात नोकरी, मग छापखाना, आणि चाळिशी ओलांडल्यावर १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. जो व्यवसाय देशात अस्तित्वातच नव्हता, तो निवडावा कसा, हे फाळक्यांना कोणत्याही शिरस्तेदाराने सांगितले नसते.

स्त्रियांपुढे निवड अशी नव्हतीच; पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर आणि पुरुष मास्तर चालत नाहीत, या समाजाच्या अडचणीतूनच त्यांच्यासाठी दोन दारे किलकिली झाली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील नेमणूक हाती होती, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. रखमाबाईंनी लंडनला शिकून ती वाट पुढे नेली. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने परिचारिका आणि शिक्षिका घडवल्या, पण हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

ज्यांना जाजमही दिसत नव्हते आणि पंगतही, त्यांच्यासाठी उपदेशाचा उपयोग नव्हता. तेथे सत्तेनेच हात घालावा लागला. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा दरबारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. त्यांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, म्हणजे वार लावण्याची लाचारीच संपवली. आणि २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. राहण्याची सोय आणि नोकरीची हमी या दोन गोष्टी एकत्र आणल्याखेरीज तिसरी, म्हणजे शिकण्याची इच्छा, टिकत नाही, हे त्यांनी जितके ओळखले तितके त्या काळी क्वचितच कोणी ओळखले असेल.

बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले; अट अशी की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी. १९१७ मध्ये ते बडोद्यास आले. नोकरी होती, हुद्दा होता, परदेशी विद्या होती. राहायला खोली मिळेना. पारशी सराईत खोटे नाव सांगून काढलेले दिवसही तेथील लोकांनी काठ्या घेऊन येईपर्यंतच टिकले. कचेरीत शिपाई दुरून कागद फेकीत. बडोदे सोडून मुंबईस परतल्यावर त्यांनी खासगी शिकवण्या केल्या, शेअरबाजारातल्या मंडळींना सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळताच गिऱ्हाईक थांबले. अखेर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. १९१३ मध्ये निघालेले हे कॉलेज व्यापारी विद्येचे, म्हणजे नोकरशाहीबाहेरच्या नव्या उपजीविकेसाठीच काढलेले. तेथेही पिण्याच्या पाण्याचे भांडे कोणी वापरावे यावर सहाध्यापकांचा आक्षेप निघालाच.

व्यवसायाची निवड हे शास्त्र आहे आणि त्याचा सल्ला देणारे कार्यालय असू शकते, ही कल्पना मुंबईत रुजली ती फार उशिरा. बाटलीबॉय यांच्या नावाचे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र १९४१ मधले. पुढे पारशी पंचायतीने आपल्या समाजापुरते असेच कार्यालय काढले आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे. बुद्धिमापन, कल मोजण्याच्या चाचण्या, धंद्यांची माहितीपत्रके, मुलाखती असा त्यांचा सरंजाम असे. पाठोपाठ माध्यमिक शिक्षणाची पाहणी करणाऱ्या मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये शाळांतून व्यवसाय-मार्गदर्शक शिक्षक नेमण्याची शिफारस केली, कारण जिल्ह्याजिल्ह्यांत तज्ज्ञ पाठवण्याइतके तज्ज्ञ देशात नव्हते. तेव्हा मुलांना निरनिराळ्या धंद्यांची वाट दाखवण्याचे हे काम ज्याच्याकडे आले तो शाळामास्तर, म्हणजे बहुधा असा गृहस्थ, ज्याने वकिलीचे वर्ग फी अभावी सोडले होते, इंजिनियरिंगला गुण कमी पडले होते आणि कलेक्टर कचेरीतील जागा ज्याच्या आधी दुसऱ्या कोणाच्या भाच्याला मिळाली होती.